ओळख तपासली जाते, म्हणे!

कोडमधली कॉमेंट म्हणजे माणसाने माणसासाठी लिहिलेली टीप. मशीन ती वाचत नाही. पण राहुरीजवळच्या एका बियाणे प्रयोगशाळेत माझी एक टीप पाच शहाण्या माणसांनी वाचली आणि ते तिथल्या दानीएलकाकांना नोकरीवरून काढायला बसले. माझं डोकंच फिरलं.

प्रयोगशाळेच्या फाइल सर्व्हरचं काम आमच्या श्रीरामपूरच्या कंपनीकडे, त्याचा कोड मी लिहिलेला. सगळ्या कॉम्प्युटरांच्या फायली त्याच्यावर एका जागी राहतात. कांदा बियाण्याच्या चार वर्षांच्या नोंदी तिथून पुसल्या गेल्या, आणि पुसणाऱ्याचं नाव निघालं दानीएल. बावीस वर्षं त्याच नोंदी जिवापाड जपणारा माणूस!

"धनश्री, उद्या चौकशीत जायचं आणि ही ओळ वाचून दाखवायची, बस," आमचे मालक रंगनाथसाहेब म्हणाले. कागदावर पिवळ्या पेनने रंगवलेलं होतं: 'इथे क्लायंटची ओळख तपासली जाते.' क्लायंट म्हणजे सर्व्हरला जोडलेला कॉम्प्युटर.

"कसली डोंबलाची तपासली जाते, साहेब? समोरचा कॉम्प्युटर वापरणाऱ्याचा जो नंबर सांगेल तो सर्व्हर मुकाट मानतो. तुम्हीच म्हणालात, गिऱ्हाइकाला दाखवायचंय, जरा चांगलं लिही. लिहिलं मी!"

"मग आता गप्प बस. पुढचं काम हातचं जाईल."

"खड्ड्यात गेलं ते काम!"

सकाळी मी ती ओळ खोडून नवी लिहिली: 'इथे ओळख तपासली जात नाही. क्लायंट सांगेल तो नंबर खरा धरला जातो. यावरून कुणालाही दोषी धरू नये.' छापून घेतली आणि एसटी पकडली.

चौकशीच्या खोलीत मी तो कागद टेबलावर ठेवला आणि पहिलं विचारलं, इथले नवे कॉम्प्युटर कुणी लावले? ऑफिसातला बजरंग ऐटीत पुढे आला.

"मीच की. एकेकाची माहिती कुठं भरत बसायची? दानीएलकाकांच्या मशीनची कॉपी मारली सहाच्या सहांवर. वरचं नाव तेवढं बदललं."

म्हणजे आतला नंबर सगळीकडे काकांचाच. मी सरळ संचालक केशरबाई मॅडमच्या नव्या कॉम्प्युटरवर बसले, एक रिकामी फाइल केली आणि सगळ्यांदेखत पुसली. सर्व्हरच्या यादीत नाव उमटलं: दानीएल. काका समोरच्या खुर्चीत मांडीवर हात ठेवून बसलेले.

"धरा आता त्यांना!" मी ओरडलेच.

मॅडमनी चाचरत एक कागद पुढे केला. "पण यांनी तर सोमवारीच कबुली लिहून दिलीय."

"काका! अहो, का?"

"तुमची ती ओळ दाखवली ना यांनी," काका हळूच म्हणाले. "मला तर काहीच आठवत नव्हतं. पन तपासून लिवलंय म्हनल्यावर वाटलं, वय झालं, झालं आसंल आपल्याच हातनं. घरी बायकोला बी तसंच सांगितलं. चार दिस झाले, मरिया नीट जेवली न्हाई." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे मी न्हाई पुसलं?"

स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली मला. "नाही हो काका. तुम्ही नाही."

त्यांनी खिशातून मोबाईल काढला, नंबर लावला आणि माझ्यासमोर धरला.

"तिला तुमीच सांगा ताई. माझं आता ती खरं मानायची न्हाई."