सहा नंबरचा दांड

यंत्र

आठ तारा आत येतात, आठ बाहेर जातात. आत येणाऱ्या प्रत्येक तारेची बाहेर जाणाऱ्या प्रत्येक तारेशी एकदा गाठ पडते आणि त्या गाठीवर एक कळ असते. उघडी किंवा बंद. एक चित्र एका मोहल्ल्याला द्या की आठही मोहल्ल्यांना, ते तितकंच उजळ राहतं, कारण बाहेरच्या प्रत्येक तारेला आपला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असतो. मोहल्ल्याला मात्र एका वेळी एकच चित्र घेता येतं. संपलं. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या पांढुर्ण्यात याहून सोपी वस्तू नव्हती.

भैय्याजींना ती कळली नाही.

मालक

संत्र्याचे बगीचे वडिलांचे, आवाज तेवढा स्वतःचा. नागपुरात एक स्टुडिओ बुडाला, त्याचा राउटिंग स्विचर, म्हणजे हेच आठ तारांचं यंत्र, भैय्याजींनी उचलून आणला. तीन मजली घरावर उंच अँटेना उभारला, गावभर केबल ओढली आणि त्याच दिवशी ठरवून टाकलं की हे ओलितासारखंच आहे. विहिरीचं पाणी एका दांडात सोडायचं तर दुसऱ्या दांडाचं तोंड माती दाबून बुजवावं लागतं, नाहीतर शेवटच्या झाडाला धार पोचत नाही. म्हणजे चित्रालाही प्रेशर असणार.

यावर त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. विचारणं हे त्यांच्या घरात नोकरांचं काम होतं.

नोकर

हेमंत, टीव्ही दुरुस्तीचा कोर्स केलेला. त्याने एकदाच सांगून पाहिलं, "भैय्याजी, चित्र वाटल्यानं कमी नाई होत."

"ओलीत तू केलं का मी केलं?"

तेव्हापासून हेमंतची मान फक्त वरखाली हलायची. पंख्याला निदान डावीउजवीकडे फिरता येतं.

मागणी

शांताबाई शाळेत शिपाई. घर जाम नदीच्या काठच्या बौद्ध मोहल्ल्यात, म्हणजे यंत्राच्या भाषेत डेस्टिनेशन सहा. मुलगी सुमन नागपूरला नर्सिंग शिकत होती आणि त्या संध्याकाळी तिच्या कॉलेजातल्या मुलींचं समूहगीत दूरदर्शनवर होतं. ते पुन्हा दाखवणार नव्हते. नागपूरचं चित्र पकडणारा अँटेना गावात एकच, भैय्याजींचा.

आणि भैय्याजींनी तीच संध्याकाळ मुलीच्या, जयवंताच्या, लग्नाच्या कॅसेटसाठी ठरवली होती. सौंसरहून व्याही आले होते, रघुनाथराव. ते खाली बैठकीत, मोहल्ल्याच्याच केबलवरच्या मोठ्या टीव्हीसमोर लोडाला टेकून बसले होते.

शांताबाई जिना चढून यंत्राच्या खोलीत आली. "भैय्याजी, तुमचं लग्न सात मोहल्ले पाहतीन. आमाले तेवढा अँटेना लावा. गाणं झालं का मंग लग्नही पाहू आमी."

"अन् धार तुमच्याकडं वळली तं? खाली व्याही बसले."

"कोनती धार?"

"चित्राची."

शांताबाईने हेमंतकडे पाहिलं. "हेमंता, तू तं शिकलेला. सांग ना बापा यायले."

"भैय्याजी म्हंतात तसंच असते, मावशी," हेमंत भिंतीला म्हणाला.

"मंग कायले शिकला?"

"सहा नंबर बुजव रे," भैय्याजी म्हणाले. "अन् अँटेना तं सगळीकडूनच बुजव. कुठूनच पाझरला नाई पायजे." मग त्यांना हेमंतचाही भरवसा वाटेना. "ऊठ तू. तू मागून सोडून देशीन."

बोट

पॅनेलवर आधी कुठे ते दाबायचं, मग काय ते, मग लाल बटण. बटणांतून चित्र वाहत नाही. पॅनेल नुसता हुकूम पाठवतं, चित्र मागच्या पेटीत फिरतं. पण भैय्याजींच्या हिशोबात बटण दाबणं म्हणजे दांडाच्या तोंडावर माती दाबणं. त्यांनी 'सर्व' दाबलं. 'अँटेना' दाबलं, चांगलं अंगठ्याने, रेटून. लाल बटण दाबलं. झाला अँटेना बंद, सगळीकडे.

यंत्राने एवढंच ऐकलं: सगळीकडे, अँटेना, दे.

खोलीतला छोटा टीव्ही थेट व्हीसीआरला जोडलेला होता. त्याच्यावर जयवंताला हळद लागत राहिली. ती पाहून भैय्याजींनी समाधानाने पॅनेलच्या कुलपाची किल्ली फिरवली, म्हणजे आता कुणालाच काही बदलता येऊ नये, आणि ती खिशात घालून ते खाली गेले. हेमंतला काय झालं ते दिसलं होतं. तो गप्प बसला. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या गप्प बसण्याचा कुणाला तरी उपयोग झाला.

बैठक

पडद्यावर पांढऱ्या साड्यांतल्या मुली दोन रांगांत उभ्या.

रघुनाथराव पुढे वाकले. "भैय्याजी, ह्या पोरी कोन्या? आमच्याकडच्या तं नाईत."

वर पळावं तर व्याह्यांसमोर चूक कबूल होते. भैय्याजींनी आवाज चढवला. "मीच ठेवलं हे. लग्नाच्या आधी जरा गाणं. मुद्दाम नागपूरवरून."

"वा! नियोजन हाये तुमचं."

शांताबाई रागारागाने जिना उतरत होती. दारातून पडदा दिसला आणि ती उंबऱ्यापाशीच थांबली. "अगं माय! सुमन माही! दुसऱ्या रांगेत, ते पाहा!"

"तुमची पोरगी का?" रघुनाथराव सरकले. "मंग बाहेर काहून उभ्या? बसा ना इथं. भैय्याजी, बसवा त्यायले."

त्या बैठकीत नदीकाठचं कुणी कधी बसलं नव्हतं. भैय्याजींनी खुर्ची दाखवली. खिशातली किल्ली ते धोतरावरूनच चाचपत होते, आणि आता तिचा काही उपयोग नव्हता. स्वतःच ठेवलेलं गाणं बंद करायला कसं जायचं?

शांताबाई बसली. समोरच्या उंच मुलीमुळे सुमनचा अर्धाच चेहरा दिसत होता. तिने तो शेवटच्या ओळीपर्यंत पाहिला, पदराने डोळे पुसले आणि उठली.

"भैय्याजी, तुमच्या अंगठ्यात गुण हाये," ती म्हणाली. "दुसऱ्या कोनाले हे जमलंच नसतं."

"जमत नसतेच," भैय्याजी व्याह्यांकडे बघून म्हणाले. "समज लागते याले."