सांगाड्याचं हसू

सुमेधने बाजारात आणण्याआधी आपला गेम रोवेनाच्या मोबाइलवर पाठवला. समुद्राच्या तळाशी लपलेल्या वस्तू शोधायच्या, कोडी सोडवत पुढे जायचं, असा खेळ. जुन्या मित्राचं कौतुक करावं म्हणून ती खेळायला बसली. थोडं पुढे गेल्यावर शेवाळात रुतलेली एक होडी आली आणि तिचं बोट थबकलं.

होडी तिच्या पपांची होती. पपा, व्हॅलेरियन, किनाऱ्यावरच्या कळंब गावाहून मासेमारीला गेले ते परतलेच नाहीत. सापडली ती फक्त होडी, जाळ्यात गुरफटलेल्या त्यांच्या वस्तूंसकट. त्या सगळ्याचे फोटो रोवेनाने एकट्या सुमेधला दाखवले होते, रडत रडत. "मला पाठव, माझ्याकडे जपून राहतील," असं म्हणून त्याने ते मागून घेतले होते.

आता सुकाणूपाशी चौकड्याच्या शर्टातला एक सांगाडा बसवला होता. दोऱ्याने काडी बांधलेला चष्मा तिला जाळ्याखाली दिसला. तिने त्यावर बोट ठेवताच सांगाड्याने तो डोळ्यांवर चढवला आणि तो खदाखदा हसला.

तिने सुमेधला फोन करून जाब विचारला नाही. "मस्त झालाय," एवढंच कळवलं. रविवारी कळंबच्याच एका रिसॉर्टवर गेमचा कार्यक्रम होता. तिथे ती चांगला ड्रेस घालून गेली.

हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. गेममध्ये पैसे घालणारा हर्षवर्धन पहिल्या रांगेत बसला होता. "कोण खेळून दाखवणार?" सुमेधने विचारलं, तशी रोवेना उठली. तिने माईक हातात घेतला आणि पडद्यावर थेट ती होडी गाठली.

"हा चष्मा माझ्या पपांचा. काडी तुटली तेव्हा मम्मीने दोऱ्याने बांधून दिली."

सांगाडा हसला. त्याच्यासोबत समोरचे चारदोन जणही हसले.

"ही रोझरी, ही जपमाळ, माझ्या पहिल्या कम्युनियनला चर्चमध्ये मिळालेली. पपा होडीत टांगून ठेवायचे. आणि हा हसतोय ना, ते माझे पपा. आम्हाला पुरायला त्यांचा देह मिळाला नाही. सुमेधला मात्र सापडला."

हसणारे खुर्चीत सावरून बसले.

"रोवेना, प्लीज, बाहेर बोलू," सुमेध कुजबुजला.

"इथंच बोल. फोटो तुला कोणी दिले? आणि काय सांगून घेतलेस?"

"ही खरं बोलतेय?" हर्षवर्धनने विचारलं. सुमेधने मान खाली घातली. हर्षवर्धन उठून निघून गेला.

फाटकापाशी सुमेधने तिला गाठलं. "तो सीन काढतो मी, आजच. पण तू माझं पार वाटोळं केलंस."

"अजून झालेलं नाही. मम्मीकडे चल."

तिची आई डेल्फिन ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. रोवेनाने त्याला तिच्यासमोर बसवलं आणि सगळं त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. डेल्फिनने शांतपणे ऐकून घेतलं.

"पन तो हसतो कशाला?" तिने विचारलं. "पान्यात गेलेला मानूस हसतो कशाला, सांग ना."

सुमेधला रडू फुटलं. डेल्फिन बोंबील उचलून आत गेली. त्याने आशेने रोवेनाकडे पाहिलं. तिने पायरीकडे बोट दाखवलं, तसा तो उतरून निघून गेला.

गेम बाजारात आलाच नाही. सुमेधचे माफीचे मेसेज मात्र बरेच दिवस येत राहिले. रोवेना प्रत्येक मेसेज सावकाश वाचायची. तिला बरं वाटायचं. उत्तर तिने एकालाही दिलं नाही.