धारेवरचा निळा रंग

डोळे मिटा पाहू. मग वाचायचं कसं म्हणाल, तर मनातल्या मनात मिटा. आता अशी कल्पना करा की तुमच्या डोळ्यांवर जाड पट्टी आहे. तुम्ही खुर्चीत बसला आहात, पाठ भिंतीला टेकलेली. नाकाला ताज्या भुशाचा आणि मशीनच्या तेलाचा वास येतोय. समोर काहीतरी घरघरतंय. तुमची जिवापाड जपलेली वस्तू तिथे कुणाच्या तरी हातात आहे आणि तिचं काय होतंय ते तुम्हाला दिसत नाही.

झालं? आता तुम्ही आजोबा झालात.

हे आजोबा कातारी होते, म्हणजे लेथवर लाकूड फिरवून त्यातून वाडगे आणि खुर्च्यांचे पाय घडवणारे. त्यांच्या एका डोळ्याने कधीचाच संप पुकारला होता आणि दुसऱ्याचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. परवा पट्टी सुटायची होती. तोवर वाकायचं नाही, उचलायचं नाही, अशी डॉक्टरीणबाईंची ताकीद. मला पोत्यासारखं भिंतीला टेकवून ठेवलंय, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत.

त्यांची एक नात होती. तिच्या केसांत सदा लाकडाचे छिलपे अडकलेले असत, म्हणून आजोबा तिला खारुताई म्हणायचे.

आणि आजोबांची एक गोल पटाशी होती, पन्हळीसारखी खोलगट, पुढे धार असलेली. त्यांना काम शिकवणाऱ्या उस्तादांनी ती भट्टीत लाल करून, पाणी देऊन बनवली होती. पोलादाला पाणी देणं म्हणजे ते तापवून एकदम गार करणं. त्याने ते कडक होतं आणि धार टिकते. आयुष्यभर घासून घासून ती पटाशी आखूड होत गेली होती. पाणी दिलेलं पोलाद आता जेमतेम दोन बोटं उरलं होतं, त्यामागे नुसतं मऊ लोखंड. पट्टी सुटली की पहिला वाडगा हिनेच कोरायचा, हे आजोबांचं पालुपद घरात सगळ्यांना पाठ झालं होतं.

त्या सकाळी ते फळीवर चाचपडत तिलाच शोधत होते. पटाशी निसटली आणि फरशीवर पडली. धारेचा टवका उडाला.

खारुताईचे बाबा माल पोचवायला गेले होते. आजोबांनी खारुताईला हाक मारली. ग्राइंडरवर धार लावायला तिला बाबांनीच शिकवलं होतं, चष्मा लावून, नीट उभं राहून. आजोबांनी तिला बजावलं की टवका जाईपर्यंत हलक्या हाताने घास, दाबू नको आणि पाण्याचा डबा जवळ ठेव, सारखी बुडवत जा.

खारुताईने मान डोलावली. ती आजोबांना दिसली नाही, आणि तिच्या मनात काय होतं तेही दिसलं नाही. कारण बाबांनी तिला नेमकं उलट शिकवलं होतं. तापलेलं हत्यार पाण्यात घालायचं नाही, बारीक तडे जातात, आपोआप गार होऊ द्यायचं. बाबांच्या पटाश्या घासताना निळ्या पडत, तरी त्यांना काही होत नसे. आजोबा जुन्या काळातले, तिला वाटलं. तिने डबा भरलाच नाही. बाबा यायच्या आत काम उरकावं म्हणून जरा दाबलंही.

ठिणग्या उडाल्या. टवका गेला. धारेवर मोरपिसासारखा निळा रंग चढला. सुंदर दिसत होता.

तिने लेथवर एक फालतू ठोकळा लावला आणि पटाशी टेकवून पाहिली. सुरुवातीला छिलपा लांबच लांब निघाला. मग भुगा पडू लागला. मग पटाशी लाकडावरून नुसती घसरायला लागली. आवाज का बदलला, असं आजोबांनी विचारलं. लाकडात गाठ आहे, ती म्हणाली.

निळा भाग घासून टाकावा म्हणून ती पुन्हा ग्राइंडरकडे वळली. तो गेला, पण पातळ धार क्षणात तापली आणि निळा रंग आणखी मागे सरकला. आता तिने धावत जाऊन डबा भरून आणला, पण आता घाई सुटली होती. घाईतला हात दाबतोच. ती जितकं घासत होती तितका निळा मागे पळत होता आणि पटाशी आखूड होत होती. थांबावं तरी पंचाईत, घासावं तरी पंचाईत.

बाबा आले तेव्हा ती पटाशी हातात घेऊन नुसती उभी होती. बाबांनी एकदा धारेकडे पाहिलं, एकदा फरशीवर सांडलेल्या पाण्याकडे. तिला बाजूला नेऊन ते अगदी हळू आवाजात म्हणाले, की त्यांच्या पटाश्यांचं पोलाद नव्या जातीचं, ते उष्णता सोसतं. हे जुनं. हे निळं पडलं की त्याचं पाणी उतरतं, मग ते लोखंडासारखंच मऊ.

"परत पाणी नाही देता येत?"

"देणारे उस्ताद गेले गं. आणि एवढ्याशा उरलेल्याला आता कोण हात लावणार? तडकलं तर तेही जाईल." बाबांनी कपाळावरचा घाम पुसला. "हे तुला मी आधी सांगायला हवं होतं."

"काय खुसुरफुसुर चाललीय?" खुर्चीतून आवाज आला. "आण इकडे खारुताई. बघू दे."

बघू दे, असंच म्हणाले ते. बाबांनी तिच्याकडे पाहून ओठांवर बोट ठेवलं. परवा पट्टी सुटेपर्यंत तरी सांगू नको, अशी त्यांची नजर होती.

तिने पटाशी आजोबांच्या हातात दिली. त्यांनी अंगठा धारेवर आडवा फिरवला, अगदी अलगद. धार होतीच. मऊ पोलादालाही धार लागते, ती टिकत नाही एवढंच, आणि अंगठ्याला रंग कळत नाही.

"वा," आजोबा म्हणाले. "पोरीचा हात माझ्यावर गेलाय. तुझ्या बापाला अजून अशी जमत नाही." ते हसले आणि पटाशी छातीशी धरून बसले.

बाबा खिडकीबाहेर बघू लागले.

"आजोबा," ती म्हणाली, "ती निळी पडलीय."

आजोबांचं हसू तिथेच राहिलं, ते काढायचं त्यांना सुचलं नाही. मग त्यांनी पटाशी मांडीवर आडवी ठेवली.

"कुठवर?"

खारुताई त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिने आजोबांचं बोट हातात घेतलं, धारेच्या टोकावर ठेवलं आणि निळा रंग संपत होता तिथपर्यंत ते हळूहळू मागे, मुठीच्या दिशेने सरकवू लागली.