पहाटे पाचचे ठोके

कॉम्प्युटरचा पहिला कर्नल बिल्ड केला त्या दिवशी प्रभाने शिरा केला होता. चौदाव्याच्या वेळी म्हणाली, "त्या डब्याचा पंखा बंद करा आधी, मालिकेतलं एक अक्षर ऐकू येत नाही." बायकोची चूक नाही. तेच काम चौदा वेळा करणाऱ्या माणसाला शिरा कोण देईल?

मी वासुदेव. रेल्वेच्या टेलिकॉम खात्यात तेहतीस वर्षं तारा जोडल्या आणि डहाणूलाच निवृत्त झालो. निवृत्त माणसाने संध्याकाळी समुद्रावर फिरावं, पेपरातलं कोडं सोडवावं. मला लिनक्स नावाच्या कॉम्प्युटर प्रणालीचा नाद लागला. आणि आपल्याला एखादा नाद आहे हे लोकांना कळलं, की लोक कामं घेऊन दारात उभे राहतात.

हे काम आणलं निर्मलाने. तिचे वडील लाहू रेल्वेत माझ्या हाताखाली खलाशी, म्हणजे मदतनीस होते. ती आता तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. आमच्या भागात जमीन अधूनमधून हलते. डहाणूत कपबशा वाजतात, तिकडे भिंती तडकतात. तिच्या वसतिगृहाच्या भिंतीला छतापासून खिडकीपर्यंत भेग गेली होती आणि त्या भिंतीच्या आत बासष्ट मुली झोपत होत्या. अंगणापलीकडे नवं दालन बांधून तयार होतं, पण कुलपात. जुनं धोक्याचं आहे असा कागद होईपर्यंत ते उघडायचं नाही, असा नियम. पाहणीला आलेले इंजिनिअर म्हणाले होते, हायवेवरच्या ट्रकमुळे पडली असेल भेग, प्लास्टर मारून घ्या, पावसाळ्यानंतर पुन्हा येऊन बघतो.

"काका, आमच्याच जमिनीत किती हलतं ते मोजून द्या," निर्मला म्हणाली. "ट्रक वेगळा आणि धक्का वेगळा, एवढं त्यांना दिसलं पाहिजे."

मी लगेच हो म्हणालो. माझं तोंड कायम डोक्याच्या पुढे धावतं.

सामान साधं होतं. तळहाताएवढा कॉम्प्युटर, त्याला हादरे मोजणारा सेन्सर, आणि वरून सोलरवर चालणारी बॅटरी. अडलं ते कर्नलपाशी. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कारभारी. कुणी कधी काय करायचं हे तो ठरवतो. तयार मिळणारा कारभारी सगळ्या जगासाठी नेमलेला असतो. टीव्हीचा रिमोट, गेमचा दांडा, कुठल्या कुठल्या कंपन्यांचे कॅमेरे, सगळ्यांची सरबराई त्याच्याकडे. मला एकच काम हवं होतं: सेकंदाला शंभर वेळा सेन्सर वाच, एकदाही चुकू नकोस. तो नेमका मध्येच दुसरीकडे डोकवायला जायचा, वर बॅटरी दोन दिवसांत चाटूनपुसून संपवायचा. तेव्हा नको ते सगळं छाटून आपला कर्नल आपणच बनवायचा, असं ठरवलं. त्याची एक यादी असते, हजारो ओळींची. प्रत्येक ओळीपुढे हो, नाही किंवा 'लागेल तेव्हा' लिहायचं. मग माझा म्हातारा कॉम्प्युटर तीन तास धापा टाकतो. दोनदा तर दोन तास पन्नास मिनिटांनी वीज गेली. मी जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

मशीन ठेवायला मी आश्रमशाळेतली कोठीची खोली निवडली. शांत, कुलूप लागणारी. फरशी उकरून सेन्सर खालच्या मुरुमात पक्का बसवला आणि सगळ्यांना बजावलं, "इकडे कुणी फिरकायचं नाही, कशाला हात लावायचा नाही आणि मला काही सांगायला यायचं नाही." शेवटची सूचना मी सगळीकडेच देतो. दर रविवारी दुपारी स्कूटरवरून आशागड, चारोटी करत हायवेने जायचो. जुनं मेमरी कार्ड काढायचं, नव्या कर्नलचं घालायचं, निर्मलाच्या हातचा चहा घ्यायचा, परत यायचं.

पहिल्याच आठवड्याच्या नोंदीत घोळ दिसला. रोज पहाटे पाचला हादऱ्यांच्या रेघेवर ठोके सुरू. सेकंदाला एक, जवळजवळ पाऊण तास. दुपारी चारला पुन्हा तेच. मध्येच एखादा ट्रक गेला तर रेघ फुगायची, पण ठोके आपले चालूच. मी म्हटलं, हा कर्नलचाच चावटपणा. आत कुठलं तरी काम ठरल्या वेळी उठतंय आणि सेन्सरला ढुशी मारतंय. कारण ठोके फार सारखे होते. इतका नियमित माणूस मी रेल्वेतसुद्धा पाहिला नाही.

मग सुरू झाला वनवास. घड्याळाची ओळ बदलली, ठोके. वीज वाचवणारी सोय काढली, ठोके. सगळंच मुळापासून काढून पहिल्यापासून बनवलं, ठोके. आमच्या खात्यात जुनी सवय होती, लाइनमधला दोष डोळ्यांनी नाही सापडला तर कानाने शोधायचा. म्हणून एकदा ती रेघ मी स्पीकरवर आवाज करून लावली. ठक, ठक, ठक. प्रभा वाळत घालायचे कपडे घेऊन चालली होती. ती चिखले गावची, लहानपण शेतावर गेलेलं. दारात थबकून म्हणाली, "कोण कांडतंय हो?"

"कर्नल कांडतोय! जा तू!" मी ओरडलो. ती गेली. दोन दिवस बोलली नाही.

चौदाव्यानंतर मी हात टेकले आणि लबाडी करायचं ठरवलं. दोष सापडत नाही ना, मग झाकायचा. कर्नलमधल्या सेन्सर वाचणाऱ्या भागात, ड्रायव्हरमध्येच, लिहून टाकलं: सारख्या अंतराने ठोके दिसले की गाळून टाक, रेघ सपाट कर. हा पंधरावा. रविवारी कार्ड घातलं, वीज दिली, आणि पडद्यावर चार ओळी येऊन सगळं मेलं. कर्नल पॅनिक. दहा मिनिटं मी त्या ओळींकडे बघत बसलो. मग लक्षात आलं. यादीत मेमरी कार्डाच्या ड्रायव्हरपुढे 'हो'ऐवजी 'लागेल तेव्हा' लिहिलं होतं. म्हणजे कार्ड वाचायची विद्या त्या कार्डावरच ठेवलेली, कपाटाची किल्ली कपाटातच राहावी तशी. ही चूक शिकाऊ पोरंसुद्धा करत नाहीत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौदावं कार्ड परत खुपसलं आणि दार आपटलं.

"चालतंय ना, काका?" निर्मलाने विचारलं.

"चालतंय. चुकीचं चालतंय."

"पुढच्या सोमवारी ते इंजिनिअर साहेब परत येणार आहेत," ती हळूच म्हणाली. चहा मी अर्धा टाकून निघालो.

गुरुवारी पहाटे पावणेसहाला तिचा फोन आला. "काका, आत्ता मोठा बसला. सगळ्या अंगणात आहोत. कुणाला लागलेलं नाही." मग म्हणाली, "मशीनने पकडला असेल ना?"

मी पलंगावर उठून बसलो. डहाणूत पानही हललं नव्हतं. "पकडला असेल," मी म्हणालो आणि मनात म्हटलं, त्या ठोक्यांच्या गदारोळात.

सोमवारी इंजिनिअर वेळेवर आले. तरुण, मितभाषी माणूस. भेग बघितली, बोटाने चाचपली. भेग वाढली होती, पण ट्रकही वाढले असतील, असं म्हणाले. मी लॅपटॉपवर गुरुवारची नोंद उघडली. पाच वाजून बावीस मिनिटांना रेघेने मोठी उडी घेतली होती.

"हे बारीक बारीक काय आहे?" त्यांनी उडीच्या आधीच्या ठोक्यांवर बोट ठेवलं.

आता इथे माणसाने गप्प बसावं की नाही? पण मी तेहतीस वर्षं दोष कळवायचंच काम केलंय. "तो दोष आहे," मी म्हणालो. "कर्नलचा. चार महिने झाले, जात नाही."

"म्हणजे यंत्रात दोष आहे."

"आहे."

"मग ही मोठी उडीसुद्धा दोषच नसेल कशावरून?"

निर्मलाने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर चाललं असतं. ती थकल्यासारखी पाहत होती. मला माझ्याच जिभेचा इतका संताप आला की काय करावं सुचेना. म्हटलं, दोष कसा वेगळा ओळखू येतो ते ऐकवतो, आणि स्पीकर लावला. ठक, ठक, ठक.

रखमीबाई, वसतिगृहाच्या स्वयंपाकीण, चहाचे कप घेऊन येत होत्या. त्या जागीच थांबल्या.

"ह्यो तं माझ्या मुसळाचा आवाज हाय."

"काय?"

"मिरच्या-लसूण कांडते ना मी. रोज पहाटं न दुपारी. मिक्सर हाय, पण पहाटं लाइट कुठं असतं?" त्यांनी कोठीच्या भिंतीकडे मान वळवली. "तिकडं पल्याडच उखळ हाय. जमिनीत पुरलेला."

कुणी काही बोलायच्या आत रेघेतली ती मोठी उडी स्पीकरमधून गडगडली. त्यानंतर काहीच नाही. इंजिनिअर वाकून बघू लागले. उडीनंतर एकही ठोका नव्हता.

"इथे थांबलात?" त्यांनी विचारलं.

"मंग? धरणी हलली तं मुसळ टाकलं न पळाले पोरींकडं."

इंजिनिअरांनी मला बुधवारची नोंद उघडायला लावली. रेघ फुगली होती, ट्रक. ठोके चालूच. त्याच्या आदल्या दिवशी दोन ट्रक. ठोके चालूच.

"ट्रक गेला की थांबत नाही?"

"ट्रक रोज जातात," रखमीबाई म्हणाल्या. "ट्रकसाठी मुसळ कोन ठेवील, सायेब?"

ते पुन्हा गुरुवारवर आले. ठोके परत कुठे सुरू होतात ते शोधलं आणि वेळ मोजली. अकरा मिनिटं.

"बासष्ट मुली बाहेर काढायला अकरा मिनिटं लागली?"

रखमीबाईंनी कप खाली ठेवले. "मोजल्या तं एकसष्ट भरल्या. परत मोजल्या, एकसष्टच. मंग आत गेले. सुकी भेगंच्या भितीकडं निजली व्हती. बारकी हाय, तिची झोप मोडत नाय. माती पडली व्हती पांघरुनावर. उचलून आनली." त्यांनी पदर खोचला. "मंग कांडायला बसले, पन मुसळ धरवंना. हात कापत व्हता."

मी रेघेकडे पाहिलं. अकरा मिनिटांनंतरचे पहिले ठोके खरंच वेडेवाकडे होते. कमी-जास्त, मध्येच अडखळलेले. ते मी लॅपटॉपवर रविवारी पाहिले होते आणि कर्नलला एक नवी शिवी दिली होती.

इंजिनिअरांनी पेन काढलं. मग निर्मलाला म्हणाले, "नव्या दालनाची किल्ली कुणाकडे असते? मागवून घ्या. कागद मी इथेच बसून लिहितो. तोवर गाद्या हलवायला लागा."

निर्मला पळतच गेली. मी तसाच बसून राहिलो. शेवटी राहवलं नाही.

"रखमीबाई, चार महिने! चार महिने मी डोकं फोडतोय. एकदा सांगायचं नाही का?"

"तुमीच बोलले ना, माना काय सांगाला याचा नाय," त्या म्हणाल्या आणि माझा चहा माझ्यापुढे सरकवला. "गार झाला."

माझ्या खिशात पंधराव्या कर्नलचं कार्ड होतं. चूक दुरुस्त केलेलं, घरी तीनदा तपासलेलं. साहेब गेले की घालायचं म्हणून आणलेलं. त्या रविवारी ते सुरू झालं असतं तर रेघ धक्क्याआधीही सपाट असती आणि धक्क्यानंतरही. सुकी आत होती ती अकरा मिनिटं माझ्याच हाताने पुसली गेली असती, आणि मी घरी जाऊन प्रभाकडे शिरा मागितला असता.

दुपारपर्यंत मुली गाद्या डोक्यावर घेऊन अंगण ओलांडत होत्या. सगळ्यांत मागे एक बारकी पोर, गादी तिच्याहून मोठी. चार वाजता स्वयंपाकघरातून ठोके सुरू झाले आणि मशीनला जोडलेल्या लॅपटॉपवरची रेघही हलू लागली. मी घरी फोन लावला.

"प्रभा, कांडणंच होतं ते."

"मग मी काय म्हणाले होते?"

"तेच."

मी फोन ठेवला. ती गादी पार नव्या दालनाच्या दारातून आत जाईपर्यंत बघत राहिलो.