मास्तरांची सही

“कर गं लवकर, कागद पुढे जायचाय,” असं म्हणत माझ्या शेजारी काम करणाऱ्या बाईनं घडी घातलेल्या चादरींवर कागद ठेवला आणि पेन माझ्या हातात कोंबलं.

कागदावर चार सह्या होत्या. मजकूर सुपरवायझरनं लिहिला होता. मंगळवारी मळक्या कपड्यांची गाठोडी निवडणाऱ्या बाईनं ऑपरेशन थिएटरकडून आलेलं गाठोडं न उघडताच धुवायला दिलं, त्यात कात्री राहिली, धुलाईच्या ड्रमची जाळी फाटली, आणि आम्ही खाली सह्या करणारे याचे साक्षीदार आहोत.

साक्षीदार आम्ही होतोच, पण वेगळ्याच गोष्टीचे. मंगळवारी वॉर्डातल्या चादरी संपल्या होत्या, वरून फोनवर फोन येत होते, आणि खुद्द सुपरवायझरच ड्रमपाशी उभा राहून ओरडला होता, “आज निवडणं-बिवडणं राहू द्या, थेट टाका!” हॉस्पिटलच्या लाँड्रीत आम्ही बाराजण. बाराही जणांनी ऐकलं होतं.

तरी मी सही केली. पाचवी. का केली म्हणाल, तर आधी चौघींनी केली होती म्हणून. याहून मोठं कारण मला तेव्हा सुचलं नाही आणि आजही सुचत नाही.

कागद फिरत फिरत ड्रम चालवणाऱ्या मास्तरांकडे गेला. या माणसानं जन्मात कुणाला अक्षर शिकवलेलं नाही, पण जगातल्या प्रत्येक गोष्टीवर लाल रेघ मारायची, म्हणून मास्तर. शेरा एकच, “हॅ!” बावीस वर्षांत त्यांनी कुठल्या कागदावर सही केली नव्हती. गरम हवा बाहेर फेकणारा पंखा बसवा म्हणून आम्ही अर्ज केला, तेव्हा “हॅ, अर्जानं कुठं पंखे फिरतात?” म्हणाले. पंखा आला, आणि त्याच्याखाली पहिलं स्टूल मांडलं ते यांनीच. माझ्या लेकीच्या लग्नात सगळ्यांनी मिळून दिलेल्या शुभेच्छांच्या कार्डावरसुद्धा सही केली नाही. “हॅ, माझ्या शुभेच्छांवाचून तिचं काय अडलंय?”

आताही तेच. “हॅ! कागद कशाला? ज्याला काढायचं त्याला काढतातच.” कागद न वाचताच त्यांनी पुढे सरकवला. आम्ही हसलो. एवढ्या घुसमटीत हसायला मिळालं म्हणून जरा जास्तच हसलो.

कागद जिच्याविरुद्ध होता तिला आम्ही वहिनी म्हणायचो. तिचा नवरा इथेच बॉयलरवर होता, तो गेल्यावर तिला कामावर घेतलं. हॉस्पिटलच्या मागची खोली नोकरीबरोबर मिळालेली, म्हणजे नोकरी गेली की खोलीही गेली. आणि खोलीत अंथरुणाला खिळलेले सासरे. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच जेवणाच्या सुट्टीत तिच्या बाकावर जाऊन बसायची कुणाची छाती होईना.

दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन उठली, ती थेट मास्तरांसमोर. आपल्यातलं अर्धं त्यांच्या झाकणात काढून ठेवलं.

“मास्तर, दहाजणांनी सह्या केल्या. तुम्ही एकटे माझ्या बाजूनं उभे राहिलात.”

“हॅ, मी कसला कुणाच्या बाजूनं...”

“असू द्या. शुक्रवारी चौकशी आहे. साक्षीदार म्हणून मी तुमचं नाव दिलंय.”

मास्तरांचा घास घशातच अडकला. ठसका लागला, पाणी प्यायले, तरी डोळ्यांतलं पाणी थांबेना. वहिनी पाठीवर थापट्या मारत राहिली.

संध्याकाळी ते माझ्या इस्त्रीच्या रोलरपाशी येऊन घुटमळले. हे नवलच होतं, कारण मास्तर कुणाकडे जात नसत.

“अगं, मी सहीला नाही म्हटलं ते थोडंच तिच्यासाठी? मी कशावरच सही करत नाही.”

“मग सांगा तिला तसं.”

“कसं सांगू? अर्धा डबा दिला तिनं.”

“काही झालं तरी तुमचं बरं आहे, मास्तर. तुम्ही खोटं तर लिहिलं नाहीत.”

“आणि खरं तरी कधी बोललो?” ते एकदम चिडले. “तू खोट्यावर सही केलीस, मी खरं गिळलं. तुम्हाला मेंढरं म्हणत आलो इतकी वर्षं. आणि मी कोण? कुंपणावर बसून मेंढरं मोजणारा!”

मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट ते तिथून जाऊ नयेत असं वाटत राहिलं.

शुक्रवारी कोठारात, चादरींच्या थप्प्यांमध्ये टेबल टाकलं होतं. वरून चौकशीसाठी साहेब आले होते. सह्या करणाऱ्यांतर्फे मला बोलावलं होतं. भिंतीपलीकडे रोलर आणि दुसरा ड्रम चालू होता, त्यामुळे सगळ्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं.

“तुम्ही सही का केली नाही?” साहेबांनी मास्तरांना विचारलं.

“हॅ, मी कशावरच सही करत नाही.”

तोंडातून निघून गेलं. बावीस वर्षांची सवय. सुपरवायझर खो खो हसला. “सांगितलं होतं ना साहेब, हा माणूस असाच आहे.” साहेबांनी मान हलवली आणि फाईल मिटायला घेतली. वहिनी मास्तरांकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलं. मला तिथं बसवेना.

“थांबा,” मास्तर म्हणाले. “ड्रमचं दार मी लावलं. बटण मी दाबलं. गाठोड्याची गाठ सुटलेली नाही, हे मला समोर दिसत होतं. निवडू नका, थेट टाका, असं या सुपरवायझरनं माझ्या कानाशी उभं राहून सांगितलं. बाईनं दोनदा विचारलं, उघडू का म्हणून. यानं हात झटकला. आणि मी मनात म्हटलं, आपल्याला काय करायचंय? मी नेहमी तेच म्हणतो.”

सुपरवायझरचं हसू विरलं. “हे लिहून सही द्याल?” साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी पेन घेतलं. त्यांना सही अशी नव्हतीच. शाळेतल्या मुलासारखं त्यांनी आपलं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, एकेक अक्षर लिहीत नेलं आणि वर रेघ ओढली.

मग साहेब माझ्याकडे वळले. “बाई, तुम्ही ऐकलं होतं का हे?”

सुपरवायझर माझ्याकडे बघत होता. वहिनी बघत होती. मास्तर मात्र आपल्या सहीकडे बघत होते.

“मशीनचा आवाज फार असतो, साहेब,” मी म्हणाले.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. वहिनीला ताकीद देऊन ठेवून घेतलं. स्वतःच्या तोंडानं कबूल केलं म्हणून मास्तरांना ड्रमवरून काढून कचऱ्याच्या गाड्यांवर टाकलं. मागच्या चढावरून दिवसात वीस खेपा, आणि त्यांचे गुडघे तर केव्हाच कामातून गेलेले. सुपरवायझर होता तिथंच राहिला. आमच्यात मात्र आता जो तो म्हणायला लागला, “मास्तर खमका माणूस, मला आधीपासून वाटायचं.” एकीनं म्हटलं की सगळ्यांनी म्हटलं. मीही म्हटलं.

एकदा चढावर ते गाडीला टेकून श्वास घेत उभे होते. मी विचारलं, “काय मिळालं हो मास्तर, हे सगळं करून?”

“हॅ! काय मिळायचंय?” मग म्हणाले, “वहिनी अजून अर्धा डबा देते. तो आता घशाखाली उतरतो, एवढंच.”

काल जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेले होते. मी एकटीच मोठी चादर घडी करायची खटपट करत होते. वहिनी आली, तिनं समोरचे दोन कोपरे धरले. चादर घडी करत आम्ही जवळ आलो, कोपरे जुळले. तिनं चादर थप्पीवर ठेवली आणि वर एक कागद. मास्तरांना परत ड्रमवर घ्या, हुकूम सुपरवायझरचाच होता आणि आम्ही सर्वांनी तो कानांनी ऐकला, असा अर्ज. खाली फक्त तिची सही. बाकी कागद कोरा.

मी सवयीनं आजूबाजूला बघितलं. माझ्याआधी सही करायला कुणी नव्हतं. रोलर बंद होता, ड्रम बंद होता, त्यामुळे आवाजाचंही निमित्त नव्हतं.

“ऐकलं होतं मी,” मी म्हणाले.

“ठाऊक आहे,” वहिनी म्हणाली, आणि पेनाचं टोपण काढून तिनं ते माझ्यापुढे धरलं.