पोट आत, आता वर

अंतिम सामना कोण जिंकलं असं आता कुणाला विचारलंत तर तो डोकं खाजवेल. सामन्याआधीचं गाणं मात्र सगळ्यांना पाठ आहे. गाणं कसलं, त्यातलं एक वाक्य. खचाखच भरलेलं मैदान, मधोमध मंच, मंचावर चमचमत्या पोशाखात बाईसाहेब. शेवटच्या ओळीआधी त्यांनी ओठ मिटले, डोळे मिटले, हात आभाळाकडे नेला. आणि त्या मिटल्या ओठांआडून, मैदानभर लावलेल्या स्पीकरांवर, एक बायकी आवाज शांतपणे म्हणाला, "पोट आत, बाई. आता वर."

मैदान असं हसलं की रांगेत उभ्या खेळाडूंनाही माना खाली घालाव्या लागल्या.

त्या वेळी कच्ची घरी टीव्हीसमोर बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या करत होती. चादरीचं दुसरं टोक सासूबाईंच्या हातात होतं. त्यांनी ते सोडलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "हे तर तू बोललीस."

कच्ची हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे, स्टुडिओतलं. बाईसाहेबांना नवं गाणं शिकत बसायला सवड नसायची. म्हणून प्रत्येक गाणं आधी कच्ची गायची. तेच कच्चं गाणं गाडीत ऐकत बाईसाहेब यायच्या आणि तसंच्या तसं गाऊन जायच्या. मग कच्चं पुसायचं, पक्कं ठेवायचं, अशी रीत. बाईसाहेबांचा श्वास कुठे अपुरा पडतो, सूर कुठे घसरतो, हे कच्चीला ठाऊक होतं. त्यामुळे ओळींच्या मधल्या जागेत ती हळूच सूचना बोलून ठेवायची: इथे थांबा, इथे श्वास, पोट आत, आता वर. बाईसाहेबांचं गाणं मनासारखं झालं की काचेपलीकडून मास्तर अंगठा उंचावून म्हणायचे, "पक्कं!" मास्तर म्हणजे संगीतकार. कच्चीचं गाणं कितीही सुंदर होवो, तिला ते फक्त "चालेल" म्हणायचे. लग्नाआधीपासून ती या "चालेल"वर चालली होती.

अंतिम सामन्याच्या वेळी बाईसाहेबांचा घसा बसला होता आणि पक्कं गाणं झालंच नव्हतं. मग काय, सूचना पुसून कच्चंच वाजवलं. बाईसाहेबांनी फक्त ओठ हलवायचे. आयत्या बिळावर नागोबा! पण घाईघाईत एक सूचना पुसायची राहिली आणि ती नेमकी पोटाची निघाली.

दुसऱ्या दिवशी आधी बाईसाहेबांची माणसं म्हणाली, यंत्रात बिघाड झाला. दुपारी बिघाडाचा खोडसाळपणा झाला आणि संध्याकाळपर्यंत खोडसाळपणाचा कट. टीव्हीवर बाईसाहेब डोळे पुसत सांगत होत्या की आपल्या पवित्र गाण्यात कुणीतरी विष कालवलं. पवित्र गाणं! ज्या गाण्यातला एक सूरही त्यांचा नव्हता, त्याच्यासाठी ही बाई सगळ्या जगासमोर रडत होती, आणि जग तिला रुमाल देत होतं.

कच्ची तरी गप्पच होती. आपले लोक आहेत, निस्तरतील, असं तिला वाटत होतं. सासूबाई म्हणाल्या की असे आपले लोक असले तर शत्रू कशाला हवेत, आणि टीव्ही बंद केला.

तिसऱ्या दिवशी मास्तर स्वतः घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. खुर्चीच्या कडेवर टेकले, चहा नको म्हणाले आणि मोबाइल तिच्यापुढे धरला. त्यात तिचा एक जुना फोटो होता आणि खाली तिच्याच नावाचा माफीनामा तयार. मत्सरापोटी मी बाईसाहेबांच्या गाण्यात माझा आवाज मिसळला, मला क्षमा करा.

"मिसळला?" कच्चीने विचारलं. "मास्तर, अख्खं गाणं माझं आहे."

"ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे." मास्तरांनी मान हलवली. "चार दिवसांत लोक विसरतील. तू नुसतं हो म्हण, बाकीचं आम्ही बघतो."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर फाशीचा दोर संन्याशानेच वळून द्यायचा! तरी कच्ची म्हणाली की माफी मागायचीच असेल तर मी स्वतःच्या तोंडाने मागते, असं लिहिलेलं नको.

मास्तर घाबरले. "बोलायचं नाही हं. तू बोललीस की लोक आवाज ओळखतील."

तेव्हा मात्र कच्चीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोर ठरवलं ते ठरवलं, पण चोराला स्वतःची माफीही स्वतःच्या आवाजात मागता येऊ नये? गायचं हिने, नाव तिचं. चूक त्यांची, नाव हिचं. आणि आवाज मात्र कुठेच ऐकू यायला नको!

तिने आतल्या खोलीतल्या आपल्या मुलीला हाक मारली. म्हणाली, तुझा फोन आण आणि माझ्यासमोर धर.

"विचार कर," मास्तर उठून उभे राहिले. "यानंतर कुठल्याच स्टुडिओत तुला कुणी उभं करणार नाही."

खोटं नव्हतं ते. कापूस ठासलेल्या भिंतींची ती कोंदट खोली, कानांवरचे जड हेडफोन, समोरची काच. कच्ची जगात फक्त तिथेच गायली होती. तिने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी पंखा बंद केला, आवाजात घरघर येऊ नये म्हणून.

"मी कच्ची," ती फोनकडे बघत म्हणाली. "बाईंच्या आधी गाते. मैदानात ऐकलात तो आवाज माझा. माफी मागण्यासारखं मी काही केलेलं नाही. हवं तर ताडून बघा." तिने श्वास घेतला. "पोट आत, बाई. आता वर."

आणि ती वर गेली. तीच शेवटची ओळ, तोच उंच सूर, पण या वेळी दुसऱ्या कुणासाठी नाही. दारात पोहोचलेले मास्तर जागीच थांबले. सूर न हलता उभा राहिला, मग हळूहळू मिटला. मास्तरांचे डोळे मिटले होते आणि अंगठा सवयीने वर गेला होता.

"पक्कं!" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

मुलीने फोन अजून बंद केला नव्हता.