गोमूच्या ओटीत कॉईल

पैज लागली ती कोंडाजीच्या चहाच्या टपरीवर, आणि लावली कोंडाजीनेच. त्यात त्याचा स्वार्थ होता. कापडे गावात शिमग्याला खेळे निघतात, त्यात साडी नेसून गोमू व्हायचं नि दारोदार नाचायचं काम इतकी वर्षं कोंडाजीकडे. औंदा त्याचा गुडघा गेला आणि बदली गोमू काही मिळेना.

"मंजुळेची व्हॅन मिसिंग मारते," तो म्हणाला. "चारातला एक सिलिंडर पेटत नाय. कुठला, ते उद्या सकाळी तुम्ही दोघांनी सांगायचं. चुकेल तो गोमू."

दोघं म्हणजे राजेंद्र आणि प्रवीण. राजेंद्राचं पत्र्याचं गॅरेज नाक्यावर जुनं. प्रवीण पनवेलला काम शिकून दिवाळीत परत आला, आणि गॅरेज टाकलं ते बरोबर समोर. राजेंद्राने बॉनेटमधून डोकं वर काढलं की प्रवीण. त्याची निळी फरशी. त्याचे हातमोजे. गिऱ्हाइकासाठी पंखा. आणि ते गाडीला जोडायचं तळहाताएवढं स्कॅनर, ज्यात बघून पोरगा डॉक्टरसारखा "हं" म्हणायचा. तो "हं" ऐकू आला की राजेंद्र हातातला पाना आपटायचा.

घरीही सुटका नाही. बायको बयाबाई शेजारणीला मुद्दाम मोठ्याने सांगायची, "प्रवीणच्या गॅरेजात खाली बसून भाकरी खावी गो, इतकं स्वच्छ हाय." एकदा ते ऐकून राजेंद्र अर्ध्या जेवणावरून उठला. बयाबाईने उरलेली भाकरी शांतपणे कुत्र्याला घातली.

एकेक गिऱ्हाईक रस्ता ओलांडून गेलं. उरली मंजुळा. पोलादपूरच्या शाळेत पोरं पोचवणारी तिची व्हॅन पहिल्यापासून राजेंद्राकडे. मंजुळा गेली की खेळ खलास, कारण गाडी कुणाकडे टाकायची ते अख्खी आळी तिचं बघून ठरवायची.

"लागली पैज," राजेंद्र इतक्या झटकन म्हणाला की प्रवीणने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"राजूकाका, कशाला उगाच? साडीत चालाया जमल का?"

"तू आपल्या मापाचं पोलकं शिवून ठेव."

झटकन म्हणाला, कारण उत्तर त्याच्या खिशात होतं. सकाळीच मंजुळा व्हॅन दाखवायला आली होती. इंजिन मिनिटभर चालवून त्याने चारही सिलिंडरांच्या धूर जाणाऱ्या नळांवर पाणी शिंपडलं. तीन नळांवर चर्रकन वाफ झाली. उरलेल्या, म्हणजे तीन नंबरच्या नळावर थेंब तसाच बसून राहिला. आत पेटतच नाही, तर नळ तापणार कसा? पण का पेटत नाही ते कळेना, म्हणून मंजुळेला नुसतं "बघतो" म्हणून त्याने घरी पाठवलं होतं.

टपरीवरून निघताना त्याची चाल मात्र मंदावली. प्रवीणचं यंत्रही तीनच सांगणार की. मग बरोबरी, आणि गाव म्हणणार, पोरगं बघा, हातसुद्धा काळे न करता सांगतं. तेवढ्यात त्याला सुचलं. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर ठिणगीला वीज देणारी एक कॉईल असते. यंत्र वाचतं ते या कॉईलींतून, असं त्याने आपल्या मनाशी पक्कं केलं. विचारायचं तर प्रवीणला विचारावं लागलं असतं. तीनची कॉईल एकवर, एकची तीनवर. यंत्र म्हणेल एक, मेलेला सिलिंडर तर तीनच.

दुपारी मंजुळा हळदीला गेल्याचं बघून तो तिच्या अंगणात शिरला. दोन बोल्ट, दोन कॉईली, काम झालं. सुरू करून बघायचा मोह झाला, पण आवाजाने शेजारची चंपाबाई बाहेर आली असती. येताना तो शिट्टी वाजवत आला.

सकाळी मंजुळेच्या अंगणात ही गर्दी. मंजुळेने इंजिन सुरू केलं. प्रवीणने यंत्र जोडलं, बघितलं, परत बघितलं. या खेपेला "हं" म्हणाला नाही.

"एक नंबर," तो म्हणाला, पण कपाळाला आठी.

राजेंद्राला आतून गुदगुल्या झाल्या. "तीन. पाणी आणा गो कोणी तरी."

मंजुळेने तांब्या दिला. राजेंद्राने सगळ्यांना दिसेल असा, पिंडीवर सोडावा तसा, तीन नंबरच्या नळावर थेंब सोडला. चर्र. परत सोडला. परत चर्र. चंपाबाईने त्याच्या हातातून तांब्या ओढला आणि एक नंबरवर पाणी टाकलं. पाणी तिथं निवांत बसलं.

"अरे, काल तर तीन होता," राजेंद्राच्या तोंडातून निघून गेलं.

"होय काका, यंत्रात पण जुना बिघाड तीनचाच नोंदलेला हाय," प्रवीण म्हणाला. "सिलिंडर, प्लग जागच्या जागी. बिघाड तेवढा तीनावरून एकावर गेला. म्हणजे कॉईल मेलीय, नी कोणी तरी ती उचलून एकावर बसवली. मी आज तेच करून बघणार होतो. माझं काम वाचलं."

"काल दुपारी इथनं शिट्टी वाजवत कोण गेला ओ?" चंपाबाई म्हणाली.

राजेंद्र आपल्या चपला शोधायला लागला.

शिमग्याला बयाबाईने आपली हिरवी साडी त्याला स्वतः नेसवली. लग्नानंतर इतक्या मायेने ती त्याच्याशी पहिल्यांदाच वागत होती. खेळे घरं घेत घेत नाक्यावर आले. ढोल प्रवीणच्या गळ्यात, आणि बायका म्हणत होत्या, पोराचा हात काय गोड हाय. ते ऐकून गोमू तडक निळ्या फरशीवर चढली आणि धुळीने भरलेल्या पायांनी कोपरान् कोपरा नाचून काढला.

मग मंजुळा ओटी भरायला पुढे आली. पदरात तांदूळ घातले, नारळ घातला, वर ती मेलेली काळी कॉईल ठेवली.

"ओटी हाय, नको म्हणायची नाय," ती म्हणाली.

"नी व्हॅन?" राजेंद्राने बारक्या आवाजात विचारलं.

"ती प्रवीणकडं." तिने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "गोमू मात्र तुम्हीच बरी."

"गोमू थांबली का रे?" मागून कोंडाजी ओरडला. प्रवीणने ढोलावर थाप मारली, आणि राजेंद्राने ओटी सांभाळत कंबर हलवली.